ओळखीच्या वाटेला आधी काठी

शिंगाडे सरांच्या आधी त्यांची काठी शाळेत यायची. व्हरांड्यातून ठक् ठक् आवाज आला की पोरं ‘काठी आली, काठी आली’ करत बाकांवर जाऊन बसायची. बाहेरच्या माणसाला वाटावं, मारकुटे मास्तर असतील. त्या काठीनं सरांनी उभ्या जन्मात कुणाला मारलं नाही. पायानं अधू होते म्हणावं तर तेही नाही. चांगले ताडमाड, छाती पुढं काढून चालणारे. काठी फक्त जमिनीसाठी होती. पाऊल टाकायच्या आधी तिथं काठी टेकवायची, जरा दाबायची आणि मग पाय ठेवायचा. शाळेत, बाजारात, अगदी डांबरी रस्त्यावरसुद्धा.

मी नव्यानं रुजू झाले तेव्हा एकदा त्यांना म्हटलं, "सर, सरकारी व्हरांडा आहे हा. गिळत नाही तुम्हाला."

"बाई," ते म्हणाले, "जमीन सांगून गिळत न्हाय."

मी त्या शाळेत मराठी शिकवायचे. रोज सकाळी बारामतीहून एसटीनं भिगवणला आणि तिथून मिळेल त्या वडापच्या जीपनं पुढं. पळसदेव मागं टाकलं की उजनीच्या पाण्याला लागून आमचं ते गाव. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून माझ्या ओळखीची आहेत आणि रागावली तर मला मासे मिळायचे बंद होतील. गाव तसं नवं. जुनं गाव धरण झालं तेव्हा पाण्यात गेलं, घरं-दारं, भैरवनाथाचं देऊळ, नदीकडं जाणारा रस्ता सगळ्यासकट. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी देवळाचा कळस दिसायचा, मग हळूहळू खांदे वर यायचे. माणसं काठावर उभी राहून बघायची आणि एकमेकांना सांगायची, तो बघ आमचा उंबरा, ती बघ चावडी. मला बारामतीच्या बाईला नुसता गाळ दिसायचा.

सर त्याच जुन्या गावातले. घरात मेंढरं. भाऊबंद ऊस आणि मासेमारीकडं वळले, हे शिकले आणि शिकून शिकले ते इंग्रजी. वर्गात इंग्रजी बोलायचे, वर्गाबाहेर गावची बोली. मधली पुस्तकी मराठी त्यांनी कधी उचललीच नाही. माझ्यासारख्या व्याकरणवाल्या बाईला सुरुवातीला त्याचा राग यायचा. पुढं इतकी सवय झाली की सुट्टीत चुकल्यासारखं वाटायला लागलं.

त्यांची शिकवायची रीतही मेंढपाळाची. आठवड्याला एक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि पोरांसकट त्याला रानोमाळ हिंडवायचा. पोरगं उठून नुसता शब्द म्हणालं की सर हात वर करायचे. "एकटा सोडू नका. एकट्या मेंढराला लांडगा नेतो. वाक्यात घाला." हे ‘वाक्यात घाला’ इतकं अंगवळणी पडलं होतं की शिपाई नुसतं "साहेब..." म्हणून दारात उभा राहिला तरी सर त्याला वाक्यात घालायला सांगायचे.

एकदा दहावीच्या धड्यात ‘सिंकिंग’ हा शब्द आला. धड्यात तो एका जहाजापुरता होता. सरांनी तो आठवडाभर हिंडवला आणि मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी घेऊन आले.

"बाई, जहाज सिंकिंग. तुमच्यात काय म्हंत्यात?"

"बुडणं."

"भिंत?"

"खचते."

"पाय?"

"रुततो."

"आजाऱ्याचं डोळं?"

"खोल जातात." मला आता चेव आला होता. मन खचतं, आवाज खाली जातो, भाव उतरतो, दिवस मावळतो, असं मीच पुढं सांगत सुटले. एका इंग्रजी शब्दापुढं आमची अख्खी फौज उभी होती. मी विजयी मुद्रेनं चहा घेतला.

सर हसले नाहीत. म्हणाले, "आपल्याकडं लई शब्द हाईत, खरंय. पर इंग्रजाला एक गोष्ट कळलीया. भित्ताड असू दे, न्हायतर माणूस असू दे, जायाची रीत एकच. आधी वरून कायबी दिसत न्हाय."

त्या आठवड्यात एका मुलीनं वहीत वाक्य लिहिलं होतं, आमचं गाव बुडत आहे. इंग्रजीत लिहिलं होतं, पण मलाही कळलं. मी म्हटलं, "अहो, गाव बुडून जमाना झाला. बुडालं असं हवं ना?" सरांनी लाल पेन उघडलं, वाक्याकडं बराच वेळ बघितलं आणि पेन मिटवलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले. मला त्यांचं ते ऱ्हाऊ द्या आवडलं नाही.

माणूस विद्वान असला तरी या बाबतीत वैताग आणायचा, हेही सांगितलं पाहिजे. स्नेहसंमेलनाला स्टेजवर चढायचे नाहीत. भाषण खाली मातीत उभं राहून. पोरांनी त्याच स्टेजवर धिंगाणा घातला, फळीसुद्धा वाजली नाही. बारामतीला आमचं नवं घर झालं तेव्हा पूजेला आले आणि सगळ्या पाहुण्यांसमोर दिवाणखान्यात ठक् ठक् करत फिरले. एका कोपऱ्यात थांबले. "बाई, हितं पोकळ वाजतंय." झालं! आमच्या ह्यांना त्या रात्री झोप नाही. आठवडाभरात गवंडी बोलावून नवीकोरी फरशी उचकटली. खाली दगडासारखा मुरूम. फरशी गेली, गवंड्याची मजुरी गेली, आणि रंग न जुळणारा तो तुकडा अजून आमच्या कोपऱ्यात आहे. सरांना सांगितलं तर म्हणाले, "पोकळ न्हवतं ना? मग चांगलं झालं की!"

शाळेच्या नव्या खोलीचंही तेच. भिंतीला केसासारखी चीर दिसली. सरांनी खळीनं तिच्यावर कागदाची पट्टी आडवी चिकटवली. भिंत हलली तर कागद फाटेल, असं त्यांचं शास्त्र. आणि दहावीचा वर्ग उचलून चिंचेखाली नेला. मुख्याध्यापक चिडले, गावानं चेष्टा केली. वर्षभर जो भेटेल तो विचारायचा, "सर, कागद फाटला का?" कागद काही फाटेना. पुढं खोलीत मोडकी बाकं टाकायला लागले आणि एका पावसाळ्यात कोपऱ्यातली जमीन वीतभर खाली बसली. तोवर लोक खोली विसरले होते, पण ‘कागद फाटला का’ विसरले नव्हते. गावाची ही एक खोड असते, चेष्टा टिकते आणि तिचं कारण वाहून जातं.

काठीची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. माझं वडाप चुकलं होतं म्हणून आम्ही पाण्याच्या कडेनं चालत फाट्याकडं निघालो होतो. धरण भरल्यानंतर पहिल्यांदा पाणी उतरलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्यांचे वडील कळप घेऊन जुन्या रस्त्यानं आपल्या बुडालेल्या शेताकडं निघाले. मेंढपाळ अनोळखी ओढ्यात काठीशिवाय पाय घालत नाही. एक माणूस पुढं चालतो, जमीन चाचपतो, धोका दिसला की काठी दोन्ही हातांनी डोक्यावर आडवी धरतो आणि मागचा कळप अडवतो. त्या दिवशी वडिलांनी काठी खांद्यावरून खाली घेतलीच नाही. जन्माची वहिवाट, तिला काय चाचपायचं? वर गाळ वाळून भेगाळला होता आणि खाली नुसतं दही. पुढची मेंढी गेली आणि तिच्यामागं बाकीच्या.

"आवाज करत न्हाईत मेंढरं," सर म्हणाले. "मला वाटलं, खाली बसत्यात."

मग त्यांनी पुढच्या पावलासाठी काठी टेकवली. "परक्या वाटंवर माणूस आपसूक जपून चालतो, बाई. ओळखीच्या वाटंला आधी काठी लावावी."

सर निवृत्त झाले आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात उजनीचं पाणी कधी नव्हे इतकं उतरलं. भैरवनाथाच्या यात्रेला पालखी जुन्या देवळात जायची ती एरवी होडीनं. त्या वर्षी देवळापर्यंत कोरडं पडलं. जुन्या रस्त्याच्या दोन्ही अंगांची बाभळीची खुंटं वर आली, मैलाचा दगडसुद्धा दिसायला लागला. गावाला आनंदाचं भरतं आलं. अमोल, सरांचाच विद्यार्थी, यात्रा कमिटीचा अध्यक्ष होता. त्यानं ठरवलं, यंदा पालखी जुन्या रस्त्यानं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून न्यायची. ज्या म्हाताऱ्यांनी त्या रस्त्यानं गाव सोडलं त्यांना पालखीशेजारी बसवायचं. बाकी गाव मागून चालत.

मला यात्रेच्या जेवणाचं आमंत्रण असायचं. मी पोचले तेव्हा काठावर सर आणि अमोल बोलत होते.

"दगडापातूर ठीक हाय," सर सांगत होते. "त्याच्या म्होरं काठी थांबत न्हाय. मी दोनदा बघून आलोय."

"सर, खाली खडीचा रस्ता हाय," अमोल म्हणाला. पोरगं उद्धट नव्हतं; उलट सरांच्या पाया पडूनच बोलत होतं. "माझ्या आज्यानं सोता खडी फोडलीया तितं."

"खडी आसंल. पर ती कितींदा धुपली आन् वर किती गाळ बसला, तुला ठावं हाय का?"

ट्रॉलीत सोपानआबा बसले होते. पांढराशुभ्र फेटा, डोळ्यांत पाणी. त्यांनी कधी काळी सरांच्या वडिलांबरोबर मेंढरं वळली होती. ते वरूनच म्हणाले, "मास्तर, ह्या वाटंनं मी नवरी आणलीया. ही वाट मला बुडवंल व्हय?"

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "सर, कागद फाटला का?" आणि सगळे हसले. मीही हसले असते, पण सरांच्या चेहऱ्याकडं बघून माझं हसू आटलं. ते रागावले नव्हते. पोरं वाक्य चुकली की गणित मांडल्यासारखे गप्प व्हायचे, तसे गप्प झाले होते.

"बरं," ते म्हणाले. "मी म्होरं चालतो. काठी आडवी धरली की थांबायचं. कबूल?"

"तुमचा मानच हाय सर," अमोल म्हणाला आणि ट्रॅक्टरवर चढला.

हलगी वाजली, गुलाल उधळला. सर ठक् ठक् करत पुढं, बऱ्याच अंतरावर मागं ट्रॅक्टर, त्याच्यामागं बायाबापड्या, पोरंसोरं. गाळावर काठीचा ठक् असा आवाज येत नव्हता, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. मी काठावरच्या बाभळीखाली उंचावर उभी होते. तिथून सगळं दिसत होतं. सर मैलाच्या दगडापाशी पोचले. त्याच्या पुढं त्यांनी काठी टेकवली. काठी आत गेली, मनगटापर्यंत गेली. मी पाहिलं. त्यांनी ती ओढून वर काढली, वळून एकदा ट्रॅक्टरकडं बघितलं.

आणि पाय टाकला.

दोन-चार पावलं ते तसेच रेटून गेले. मग थांबले, आमच्याकडं तोंड केलं आणि काठी दोन्ही हातांनी डोक्यावर आडवी धरली. लोकांना वाटलं, सर देवाचा जयजयकार करतायत. ‘भैरोबाच्या नावानं चांगभलं’ असा गजर उठला. त्या भरात अमोलही दिलेली कबुली विसरला; त्यानं हॉर्न वाजवला आणि ट्रॅक्टर तसाच पुढं घेतला. मी ओरडले, पण हलगीपुढं माझा आवाज किती पोचणार? मला वाटलं, सर खाली बसतायत. मग त्यांचे मेंढरांबद्दलचे शब्द आठवले. ते बसत नव्हते. उभ्या उभ्या बुटके होत होते. काठी मात्र जराही खाली आली नव्हती.

सोपानआबांनी ते बघितलं. मेंढरं विकून त्यांना किती काळ लोटला होता, पण हाडात शिरलेली खूण कुठं जाते? ते पालखी सोडून उठले आणि ट्रॉलीच्या पत्र्यावर धाडधाड हात आपटायला लागले. "थांबीव! आरं थांबीव, काठी आडवी हाय!"

ट्रॅक्टर दगडाला खेटून थांबला. पुढच्या चाकांखालची पापडी फुटून काळं पाणी वर येत होतं. हलगी बंद पडली.

ट्रॉलीच्या फळ्या काढून गाळावर अंथरल्या, फेटे एकमेकांना बांधले. अमोल पोटावर सरपटत गेला. फार वेळ लागला. सर छातीपर्यंत राखाडी होऊन निघाले, पायांत चपला नव्हत्या. काठी आतच राहिली. अमोल त्यांच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला, हे मी स्वतः पाहिलं. म्हणून पुढं जे सांगायचंय ते सांगताना मला जास्त वाईट वाटतं.

सर त्यानंतर पहिल्यासारखे झाले नाहीत. छाती भरून यायची, ताप जायचा नाही. दिवाळीनंतर त्यांना बारामतीला दवाखान्यात आणलं. घर जवळ म्हणून मी पेज घेऊन जायचे. एकदा मी विचारलंच, "काठी आत गेलेली तुम्हाला दिसली होती. मलाही दिसली होती. मग पाय का टाकलात?"

सर छताकडं बघत म्हणाले, "दगडापाशीच थांबलो आसतो तर काय झालं आसतं? कागद फाटला का म्हणून हसलं आसतं आन् ट्रॅक्टर म्होरं नेला आसता. मेंढरं आयकत न्हाईत, बाई. म्होरच्याचं काय हुतंय ते बघत्यात."

शेवटच्या आठवड्यात एक तरुण डॉक्टर आला. त्यानं कागद चाळले आणि सरांच्या मुलाला बाजूला घेऊन, गावाकडचा म्हातारा आहे, याला काय कळणार अशा समजुतीनं हलक्या आवाजात एकच शब्द टाकला, "सिंकिंग." मुलगा कावराबावरा झाला. सरांनी डोळे उघडले.

"वाक्यात घाला, डॉक्टर," ते म्हणाले.

डॉक्टर ओशाळला. त्याला ते वाक्यात घालता आलं नाही. सर माझ्याकडं बघून बारीक हसले. तेवढ्यात त्यांना बाथरूमला जायचं झालं. मुलानं धरलं. काठी नव्हती, म्हणून पलंगाच्या कडेला बसून त्यांनी अंगठा खाली सोडला, दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर टेकवला, दाबून पाहिला आणि मगच पाऊल ठेवलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हा. दुसऱ्या दिवशी गेले.

यंदा पाणी पुन्हा तळाला गेलंय. मागच्या आठवड्यात मी मुद्दाम गावात गेले, कारण यात्रेची पत्रिका आली होती आणि तीत पालखी जुन्या रस्त्यानं जाणार असं छापलं होतं. अमोलनं मला काठावर नेऊन कौतुकानं दाखवलं. मैलाच्या दगडाच्या पार पुढपर्यंत त्यांनी मुरूम पसरलाय. तांबडा, सपाट, दिसायला नव्या रस्त्यासारखा. सरांच्या नावाची कमानसुद्धा उभी करणार आहेत.

"खाली गाळ तोच आहे ना रे?" मी म्हटलं.

"बाई, तवा मुरूम नव्हता. आन् सर बी निघालंच की बाहीर." तो हसला. "तुमी बी आता सरांवानी कराय लागला."

मी वाद घालून पाहिला. कमिटीतल्या एकेकाला भेटले. सगळ्यांनी चहा पाजला, सगळ्यांनी सरांची आठवण काढली. डोळे पुसत आठवण काढली. पण मुरूम टाकलाय, हे प्रत्येकानं शेवटी सांगितलं.

निघताना सोपानआबांकडं गेले. त्या दिवशी ट्रॉलीत जे म्हातारे होते त्यांतले आता ते एकटेच उरलेत. डोळ्यांनी काही दिसत नाही. दारातल्या पायरीवर बसून असतात, आणि यात्रेला ट्रॉलीत पालखीशेजारची जागा त्यांचीच ठरली आहे. मी आवाज दिल्यावर ओळखलं. म्हणाले, "बाई, पालकी वाटंनं न्हेणार म्हंत्यात."

"हो, आबा."

"मास्तर न्हाईत आता."

"नाहीत."

आबांनी मान काठाकडं वळवली. लांब काठावर कुणीतरी हलगी शेकून तापवून बघत होतं. "मला तर दिसत न्हाय," ते म्हणाले. "मग म्होरं कोण चालणार?"

आबांनी हात खाली सोडला आणि पायरीखालची जमीन बोटांनी दाबून पाहिली.